चौदा नंबरची बोअर

ऑफिसात तिला सगळे जाळीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण ते खरंच होतं. भूजल प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. त्यानंतर सत्तावीस वर्षं तिने एकच काम केलं. शहरात ठिकठिकाणी मारलेल्या बोअरमध्ये जाळी सोडायची आणि वर ओढायची.

ऐकायला सोपं वाटतं. जाळी म्हणजे मोज्यासारखी लांब, निमुळती पिशवी. वर पितळी कडं, खाली छोटी बाटली आणि शिशाचं वजन. कापड इतकं दाट विणीचं की पाणी गाळून जातं, पीठ अडकतं. ही पिशवी तिचा नवरा शिवून द्यायचा. तो शिंपी होता. बाकीचे माणसांचे कपडे शिवतात, मी पाण्याचे मोजे शिवतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

जाळी तळाला टेकली की ती सहा वेळा उचलून आपटायची. तळाचा गाळ उठतो. मग दोरी हळूहळू ओढायची, भरल्या घागरीसारखी. घाई केली तर आत आलेलं पुन्हा बाहेर पडतं. वर आल्यावर बाटली पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामी करायची आणि वाकून बघत राहायचं. पुढच्या बोअरवर जाण्याआधी जाळी धुवायची, उन्हात वाळवायची, म्हणजे इथलं तिथे जायला नको.

जमिनीखालचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. वाळूच्या आणि गोट्यांच्या थरात, कणाकणांमधल्या फटींत, जीव राहतात. तांदळाच्या कणीएवढे, काही त्याहून लहान. रंग नाही, कारण बघायला कोणी नाही. डोळे नाहीत, कारण उजेड नाही. खायला जवळजवळ काही नसतं, म्हणून सगळं सावकाश. वाढणं सावकाश, चालणं सावकाश, अंडी इनमीन चार-पाच. एखादी जात एकाच थरात असते, जगात दुसरीकडे कुठेही नसते. वर रस्ते होतात, इमारती होतात, माणसं भांडतात. खाली त्यांना पत्ता नसतो.

जाळीबाईला ते आवडायचे. का, ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या ट्रेमध्ये एक अनोळखी जीव आला. कोळंबीच्या कुळातला, पण काचेसारखा आरपार. पुढचे पाय अंगापेक्षा लांब, आणि चालताना तो ते आंधळ्याच्या काठीसारखे पुढे टेकवत होता. तिने तो प्रयोगशाळाप्रमुखांना दाखवला. त्यांच्याकडे डॉक्टरेट होती, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं की गटाराचं पाणी झिरपलं असेल, बाई, टाकून द्या.

तिने टाकला नाही. वर्षभर ती त्या बोअरवर जात राहिली. आणखी पाच मिळाले. जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली धरून तिने त्यांची चित्रं काढली. पायांचे सांधे मोजले, पायांवरचे केस मोजले. एका दोनशे पानी वहीत तारीख, खोली, बोअरचा नंबर, सगळं लिहिलं. नंबर होता चौदा. वही भरल्यावर तिने ती बाटल्यांसकट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

दीड वर्षाने शोधनिबंध छापून आला. चित्रं तिची होती. केसांचे आकडे तिचे होते. लेखक एकटे डॉक्टर. प्राण्याला त्यांनी आपल्या सासऱ्यांचं नाव दिलं होतं. सासरे सिमेंटचे व्यापारी होते आणि पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता होता. शेवटी, बारीक टायपात, 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्गाचे आभार'.

ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं आणि बाहेर चार जण चहा पीत होते. तिने विचारलं की माझं नाव कुठे आहे.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "जाळी टाकणाऱ्याचं नाव देत बसलो तर उद्या दोरी वळणाराही येईल."

बाहेरचे चौघे हसले. त्यांनी हसायला नको होतं, असं पुढे त्यांतल्या एकानेच कबूल केलं. पण हसले. ते तिच्या जिव्हारी लागलं. पुढच्या आठवड्यापासून तिचा मायक्रोस्कोप काढून घेतला गेला. फक्त जाळी टाकायची आणि बाटल्या धुवायच्या, असा लेखी आदेश आला.

त्या दिवशी घरी जाऊन तिने शोधनिबंध पुन्हा वाचला. भाषा कठीण होती, पण आकडे कळत होते. 'बोअर क्रमांक १४, बस डेपोच्या मागे.' ती थांबली. पुन्हा वाचलं.

बस डेपोच्या मागे तिला तो प्राणी कधीच मिळाला नव्हता. तो मिळाला होता बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

तिला उलगडायला फार वेळ लागला नाही. तिच्या वहीतले नंबर जुने होते, ज्या क्रमाने बोअर मारल्या त्या क्रमाचे. तिने वही दिली त्यानंतर थोड्याच दिवसांत भांडाराच्या कारकुनाने नकाशाप्रमाणे सगळ्यांना नवे नंबर दिले. झाकणांवरच्या जुन्या पत्र्याच्या पट्ट्या तिनेच उपटल्या होत्या, नव्या तिनेच ठोकल्या होत्या. कारखान्याची चौदा नंबरची बोअर पाच नंबरची झाली. चौदा नंबर डेपोच्या बोअरला गेला. जुनी यादी रद्दीत गेली, कारकून बदलून गेला. नव्या यादीवर सही डॉक्टरांचीच होती. वाचून सही करायची सवय त्यांना नव्हती. आणि बोअर म्हणून त्यांनी आयुष्यात पाहिली असेल ती गाडीच्या काचेतून.

एक फेरी जागेवर मारली असती, तर चूक झाली नसती. एक प्रश्न तिला विचारला असता, तरी झाली नसती.

नवऱ्याने विचारलं, काय झालं, एवढी गप्प का. ती म्हणाली, काही नाही.

तिने डूख धरला होता.

अकरा वर्षं. डॉक्टरांना आपला प्राणी पुन्हा हवा होता. एका शोधनिबंधाने भागत नाही. बाहेरचे अभ्यासक जिवंत नमुना मागतात. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चौदा नंबरला जाळी टाकायचा हुकूम सुटला. जाळीबाई गेली. एकही सोमवार चुकवला नाही. उन्हातान्हात, अंगात ताप असताना गेली. सहा वेळा आपटलं, हळू ओढलं, वाकून पाहिलं, आणि नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बोअर १४ : निरंक.' त्यात खोटं काय होतं? डॉक्टर नोंद वाचून दात-ओठ खायचे आणि ती समोर उभी राहून ते बघायची. दोरी बदलली, जाळी बदलली, बाहेरून पंप मागवला. निरंक. तो शब्द लिहिताना तिचा हात इतका छान वळायचा की कारकून तिला म्हणायचे, बाई, तुमच्या अक्षराची फ्रेम करून लावायला हवी.

तिने स्वतःसाठी एक नियम केला होता. खोटं बोलायचं नाही. कोणी विचारलं की तो प्राणी नेमका कुठे मिळाला, तर सांगायचं. पण कोणी विचारलं नाही. जाळी टाकणाऱ्या बाईला काय विचारायचं?

वर्षातून एकदा ती एकटी कारखान्यात जायची. पाच नंबरला पाण्याची पातळी मोजायचं काम तिच्याकडेच होतं, त्यामुळे कोणाला नवल वाटायचं नाही. मोजपट्टीबरोबर ती जाळीही सोडायची. दोन यायचे, कधी तीन. लांब पाय टेकत ट्रेमध्ये फिरायचे. ती क्षणभर बघायची आणि ओंजळीने परत सोडायची. मग बसने घरी यायची, आणि त्या दिवशी तिला गाढ झोप लागायची.

मग एका वर्षात दोन गोष्टी एकदम घडल्या.

पहिली तिला मनापासून आवडली. बाहेरच्या अभ्यासकांनी लेखी शंका घेतली की हा प्राणी त्या ठिकाणचा नाहीच, कदाचित नमुने बनावट असतील. चौकशीसाठी एक वृद्ध तज्ज्ञ येणार होते. त्यांच्यासमोर प्राणी निघाला नाही, तर प्राण्याचं नाव संशयास्पद नावांच्या यादीत जाणार, आणि निवृत्तीला सात महिने राहिलेले डॉक्टर लबाड ठरणार. जाळीबाईने ही बातमी ऐकली आणि त्या दिवशी बाटल्या दोनदा धुतल्या.

दुसरी गोष्ट तिला पाच नंबरच्या मोजपट्टीवर कळली. पाणी दोन मीटर खाली गेलं होतं. कारखान्याच्या जागी मोठी इमारत होणार होती, जमिनीखाली तीन मजले. त्यासाठी जमिनीतलं पाणी उपसून टाकायची चाचणी सुरू झाली होती. महिन्याभरात बोअर सिमेंटने बुजवणार होते, आणि पाया होईपर्यंत पंप रात्रंदिवस चालणार होते. तो थर कोरडा पडणार होता.

परवानगीचं काम ऑफिसात नव्या आलेल्या मॅडमकडे होतं. तरुण, नियमाला पक्क्या. नियम असा होता की दुसरीकडे कुठेही नसलेला जीव ज्या पाण्यात जिवंत दाखवता येईल, ते पाणी उपसता येत नाही. म्हणजे एक वाक्य बोललं की झालं. पण तेच वाक्य डॉक्टरांनाही वाचवणार होतं.

तिने दिवस मोजले. तज्ज्ञ यायला तीन आठवडे होते. तोवर खालचे जीव तग धरतील, असं तिने ठरवलं. सगळ्यांच्या देखत बोलायचं, आधी नाही.

मधल्या एका संध्याकाळी डॉक्टर तिच्या घरी आले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. खाली दुकान, वर खोली. नवऱ्याने त्यांना गिऱ्हाईक समजून गळ्यात टेप घातली आणि छातीचं माप घेतलंसुद्धा. डॉक्टर ओशाळले. कापडाच्या ताग्यांमधल्या स्टुलावर बसले. आधीपेक्षा वाळले होते.

त्यांनी विचारलं की तेव्हा जाळी वेगळी होती का. ती म्हणाली, नाही. वजन जास्त होतं का. नाही. वेळ कोणती होती. सकाळची.

"चौदा नंबरलाच तर मिळाले होते," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

तो प्रश्न नव्हता. तिने तो प्रश्न धरला नाही.

"वहीत चौदाच लिहिलंय, सर," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठावर काहीतरी आलं होतं. मग उठले, चहा नको म्हणाले, आणि गेले. नवऱ्याने मशीन थांबवलं होतं. एवढ्या वर्षांत त्याने बायकोला नीट ओळखलं होतं.

"त्यांना माहीत नाही, आणि तुला माहीत आहे," तो म्हणाला.

मग तिने त्याला सगळं सांगितलं. पंपाचंही सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "सांगून टाक. तो वर एकटा आहे. खाली किती जण आहेत?"

"खालच्यांना अकरा वर्षं मीच जपलंय."

"मग आणखी पंधरा दिवस त्यांना का छळतेस?"

दुसऱ्या दिवशी तिने पातळी मोजली. चार मीटर.

सोमवारी डेपोच्या मागे सगळे जमले. वृद्ध तज्ज्ञ कमी बोलणारे होते. येताना घडीची खुर्ची घेऊन आले होते आणि तिच्यावर बसून बोअरकडे बघत होते. नव्या मॅडम नोंदी घेत होत्या. डॉक्टर इस्त्रीच्या कपड्यांत. जाळीबाईने तीनदा जाळी सोडली. तीनदा ट्रेमध्ये फक्त गाळ.

डॉक्टर म्हणाले की बाईंचा हात आता जड झालाय, वय झालं, निवांत ओढत नाहीत. ते हसत म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

जाळीबाईने दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.

"सर, पहिला मिळाला त्या दिवशी तुम्ही बोअरवर होतात का?"

तज्ज्ञांनी मान वळवली. मॅडमचं पेन थांबलं. नाही म्हणावं, तर स्वतः गोळा केला असं निबंधात छापलेलं.

"होतो की," डॉक्टर म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत जाळी वर आली. इथेच उभा होतो."

तिने त्यांना पुरेसा वेळ दिला. शब्द मागे घ्यायचे असते तर घेता आले असते. त्यांनी घेतले नाहीत.

"ही ती बोअर नव्हेच," ती म्हणाली. "ती बर्फाच्या कारखान्यात आहे. नंबर बदलले तेव्हा चौदाची पाच झाली. यादीवर सही तुमचीच आहे, सर. उभे असतात, तर दिसलं असतं. तिथे बस नाही, डेपो नाही. भिंतीवर हातभर अक्षरात बर्फ लिहिलंय."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. अकरा वर्षं तिने हा चेहरा मनात काढून ठेवला होता. प्रत्यक्षात तो तसाच होता. तिने डोळे भरून पाहून घेतला.

कारखान्यात पंप धडधडत होता. मॅडमनी तो बंद करायला लावला. जाळीबाईने पातळी मोजली. सात मीटर खाली. तिने पुन्हा मोजली. सातच.

पहिली जाळी रिकामी आली. दुसरी रिकामी. तिसरीत एक लांब पाय होता, नुसता पाय, अंग नाही. तिने तो बोटाच्या टोकावर घेतला आणि कोणाला दाखवला नाही. चौथी रिकामी. पाचव्या वेळी तिने घाई केली आणि स्वतःवरच चिडून दोरी पुन्हा सोडली.

डॉक्टर ट्रेच्या कडेला येऊन उभे होते. त्यांचेही ओठ हलत होते. प्राणी निघाला तर त्यांचा निबंध निदान बनावट ठरणार नव्हता. म्हणजे या क्षणी जगात दोनच माणसांना तो प्राणी जिवापाड हवा होता, ती आणि ते. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला त्यांचा जास्तच राग आला.

आठव्या जाळीत एक आला. एकच. एक स्पर्शिका तुटलेली, पण जिवंत. गाळातून बाहेर येऊन त्याने पाय पुढे टेकवला, थांबला, दुसरा टेकवला.

तज्ज्ञ गुडघ्यांवर बसले. भिंग लावून त्यांनी पाय मोजले, सांधे मोजले, आणि मॅडमना मान हलवून खूण केली. मॅडमनी पाहिलं, फोटो घेतले, वेळ लिहिली. मग डॉक्टर वाकले. त्यांनी तो फक्त स्पिरिटमध्ये पाहिला होता, पांढरा, ताठ, मेलेला. जिवंत कधीच नाही.

"असा चालतो होय," ते अगदी हळू म्हणाले आणि आणखी वाकले.

जाळीबाईने ट्रे उचलला आणि बोअरमध्ये रिकामा केला.

"उजेड सोसत नाही त्यांना," ती म्हणाली.

ते खरं होतं. डॉक्टर तसेच वाकून उभे राहिले, मघाशी ट्रे होता तिथे बघत.

पंप कायमचा बंद झाला. बोअर बुजवायची परवानगी मॅडमनी तिथेच फाडली. तज्ज्ञांनी जाताना एक गोष्ट स्पष्ट केली. प्राण्याचं नाव बदलता येणार नाही. पहिलं दिलेलं नाव राहतं, असा नियम आहे. सासरे राहणार. मात्र जागा दुरुस्त करणारं टिपण छापावं लागेल, आणि ते जिला जागा माहीत आहे तिच्या नावाने छापावं लागेल. यापुढे जो कोणी या प्राण्याबद्दल लिहील, त्याला हे टिपण सांगावंच लागेल.

जाळीबाईने हे नीट समजून घेतलं. दोनदा विचारलं. म्हणजे नाव राहील तोवर चूकही राहील? तज्ज्ञ म्हणाले, हो, तसंच.

टिपण सहा ओळींचं होतं. मॅडमच्या टेबलाशी बसून तिने ते आपल्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं. जुना नंबर, नवा नंबर, खोली, तारीख. मग एक ओळ घातली, 'मूळ लेखक प्रत्यक्ष जागेवर कधीही न गेल्यामुळे ही चूक झाली.'

मॅडम म्हणाल्या की ही ओळ काढू या. जागा चुकली एवढं पुरे. कागदात राग नको.

"राग नाही, मॅडम. कारण आहे."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्यापुढे पातळीच्या नोंदी होत्या. दोन, चार, सात. तारखांसकट, जाळीबाईच्याच हातच्या.

"मग तुमचंही कारण लिहा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अकरा वर्षं माहीत होतं. पंप लागल्यावरही तीन आठवडे माहीत होतं. एक उरला होता, बाई. पूर्वी दोन-तीन यायचे म्हणता."

जाळीबाईने बचाव केला नाही. विचारलं कोणी, असंही म्हणाली नाही. पेन उचलून सातवी ओळ लिहिली, 'खरी जागा मला माहीत होती. मी सांगितली नाही. तेवढ्या काळात पाणी सात मीटर उतरले.'

छपाईला जाण्याआधी डॉक्टरांचा निरोप आला. त्यांनी तज्ज्ञांशी बोलून घेतलं होतं. दोघांच्याही ओळी काढता येतील, फक्त आकडे राहतील. त्यांची लाज झाकली जाईल आणि बाईंचीही. बाईंनी एक सही करायची होती. मॅडमनी तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि मुद्दाम खिडकीकडे बघत राहिल्या. तिने सही करावी, असं त्यांना मनातून वाटत होतं.

जाळीबाईने कागद वाचला. खालपर्यंत वाचला. मग घडी घालून परत दिला.

"दोन्ही राहू द्या," ती म्हणाली. "माझी काढली तर त्यांचीही निघेल."